फोटोतली बाई कोण? एका गावच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनाची हकिकत

वाचनालयाच्या मासिक सभेत दोन ओळींचा ठराव झाला. चैत्रातल्या यात्रेत गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवावं, जबाबदारी ग्रंथपालांची. ग्रंथपाल म्हणजे मी. ‘क’ वर्गाचं वाचनालय, दोन खोल्या, एक कपाट वाळवीने खाल्लेलं. यात्रेला सात आठवडे उरले होते.

सभेतल्या मंडळींना कसलं प्रदर्शन हवं होतं ते मला ठाऊक होतं. वाचनालयाच्या भिंतीवर नऊ तसबिरी आहेत. दोन पाटील, एक इनामदार, १९७२ साली ताम्रपट मिळालेले दोन स्वातंत्र्यसैनिक, तीन माजी सरपंच आणि इमारतीला देणगी दिलेले एक गृहस्थ. हेच मोठे करून छापायचे, आमदारांना बोलवायचं, फीत कापायची. मी म्हटलं, “हे नऊ जण गावानं रोज पाहिलेत.” अध्यक्ष म्हणाले, “मग दहावा शोधा.” ते चेष्टेनं म्हणाले होते, पण मी ते इतिवृत्तात लिहून ठेवलं.

आता आसपासच्या दोन-तीन गावांतून विचारणा होते, तुम्ही कसं केलंत म्हणून. कसं केलं ते पाच मिनिटांत सांगता येतं. कुठं चुकलं ते सांगायला वेळ लागतो, म्हणून हे लिहून काढते आहे. गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातलं. नाव देत नाही. पुढं ज्या घरांच्या गोष्टी येतील त्यांना ते आवडणार नाही. मी स्वतः या गावची सून, एकोणीस वर्षं झाली. हे सांगते कारण त्याचा पुढं संबंध येणार आहे.

फोटो आणून द्या म्हटल्यावर

पहिली चूक लगेच झाली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना टाकली: जुने फोटो वाचनालयात आणून द्यावेत, यात्रेनंतर परत मिळतील. दहा दिवसांत चार फोटो आले, त्यांतले दोन एकाच सरपंचाचे.

लोकांचा आळस नव्हता तो. भिंतीवरचा हार घातलेला फोटो म्हणजे घरातलं माणूस असतं. अमावास्येला त्याला नैवेद्य दाखवतात. असं माणूस पिशवीत घालून वाचनालयात कोण नेऊन ठेवेल? आणि ‘परत मिळेल’ या शब्दावर विश्वास कुणाचा? कधी कर्जाच्या फायलीला, कधी पेन्शनच्या अर्जाला दिलेला एकुलता एक फोटो कचेरीतच राहिला, असं सांगणारी घरं मला पुढं डझनभर भेटली.

मग उलट केलं. पुतण्याचा फ्लॅटबेड स्कॅनर, एक लॅपटॉप, भारनियमनासाठी छोटा इन्व्हर्टर आणि बारावीची परीक्षा संपवून मोकळ्या झालेल्या दोन मुली असा आमचा लवाजमा घरोघर जाऊ लागला. नियम एकच. फोटो उंबऱ्याबाहेर जाणार नाही. चहा उकळेपर्यंत स्कॅन करायचा आणि घरच्यांच्या हातानंच परत जागेवर लावायचा. स्कॅन ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात सहाशे ठिपके, आणि फाइल टिफ, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणारी. एका वहीत घराचं नाव, फोटो कुठं होता, कुणी काय सांगितलं. या वहीला मुलींनी ‘चहाची वही’ नाव दिलं, कारण पानापानावर कपाचे गोल उमटले होते.

भिंतीवर असतात त्यापेक्षा जास्त फोटो आत असतात. पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये, बिस्किटाच्या डब्यात बटणांबरोबर, एका घरी तर पोथीत खूण म्हणून. काही फोटो काचेला चिकटलेले निघाले. घरच्यांचा हात लगेच ओढायला जायचा, तो आधी धरावा लागायचा. चिकटलेला फोटो ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. असे फोटो आम्ही काचेसकट सोप्यात आणून सावलीत ठेवायचो, मोबाइल धरणाऱ्याच्या मागं एकजण काळं घोंगडं पसरून उभा राहायचा आणि मग टिपायचो. घोंगड्यानं काचेतलं प्रतिबिंब मरतं. धनगरवाड्यावरून उसनं आणलेलं ते घोंगडं शेवटपर्यंत आमच्याबरोबर फिरलं. गंमत म्हणजे ज्यांनी ते दिलं त्यांच्या घरात १९९० च्या आधीचा एकही फोटो नव्हता. वर्षातले सहा-आठ महिने मेंढरांमागं, फोटो काढायला थांबणार कुठं?

लोकांना सर्वांत नवल वाटलं ते रंगाचं. १९५० च्या दशकातला काळा-पांढरा फोटो कडक आणि १९८० नंतरच्या लग्नाचा रंगीत अल्बम सगळा लाल पडलेला. “आज्याचा फोटू अजून कडक आन माज्या लग्नात सगळ्यांना गोवर उठलाय,” असं एक तात्या म्हणाले. कारण साधं आहे. काळ्या-पांढऱ्यात चित्र चांदीचं असतं, रंगीत कागदात रंगद्रव्याचं. ट्रंकेतल्या अंधारातही त्यातला निळसर रंग आधी विरतो आणि लाली उरते.

फोटोच्या पाठी

दोन आठवड्यांत चारशेच्या आसपास फोटो जमले. ते लॅपटॉपवर लावून बघायला बसलो आणि लक्षात आलं की गावाच्या या जुन्या फोटोंत गावच नाही. ना वेस, ना विहीर, ना देऊळ. फोटोत माणसं आहेत आणि माणसांमागं रंगवलेले पडदे आहेत: कारंजी, संगमरवरी जिना, एका ठिकाणी चक्क नारळाची बाग आणि बोट.

आमचा पट्टा बाहेर ओळखला जातो तो गलाईवाल्यांमुळं. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देण्याचा हा धंदा. भट्टी, मूस, तेजाब आणि धूर. पावसानं दगा दिलेल्या या गावांतली पोरं चौदाव्या-पंधराव्या वर्षी कुणा चुलत्या-मामाबरोबर निघायची आणि देशाच्या कुठल्याही सराफकट्ट्यावर जाऊन गाळायला बसायची. मद्रास, कोईमतूर, कलकत्ता, अमृतसर. गावात फोटोग्राफर नव्हता. पहिली चार पैशांची कमाई हातात आली की पोरगं तिथल्या स्टुडिओत जाऊन उभं राहायचं, हातात घड्याळ नसलं तर स्टुडिओवाला द्यायचा, आणि तो फोटो पाकिटातून आईकडं यायचा. आमच्या गावाचा इतिहास असा तमिळ आणि बंगाली शिक्क्यांच्या मागं लपलेला होता.

म्हणून आम्ही फोटो उलटे करू लागलो, आणि कामातला सर्वांत रंजक भाग तिथं निघाला. पाठीवर पत्ता ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर फोटो १९४९ ते १९६० मधला. सातारा जिल्ह्याची फाळणी होऊन आमचा भाग त्या नावाखाली गेला आणि १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड दिसला की १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी ‘मद्रास-१’ असा एखादाच आकडा असायचा. एका पाठीवर पेन्सिलनं ‘३ प्रति, २ रु. ४ आ.’ लिहिलेलं होतं. आणे आहेत म्हणजे बहुतेक एप्रिल १९५७ च्या आधीचा, दशमान पैसे तेव्हा आले. (बहुतेक अशासाठी, की आमच्याकडं म्हातारी माणसं अजूनही चार आणे म्हणतात.) मुलींना ही हेरगिरी इतकी आवडली की त्या फोटोचा चेहरा बघायच्या आधी पाठ बघायला लागल्या.

पण पाठीवर तारीख सापडते, पुरुषाचं नाव सापडतं. बाईचं सापडत नाही.

नाव कुठलं लिहायचं?

आधी मुळात बायकांचे फोटोच कमी. नवरा मद्रासला, बाई रानात. तिला स्टुडिओ कोण दाखवणार? गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांना मी विचारलं, तुमचा पहिला फोटो कधीचा? बऱ्याचजणींचं उत्तर एकच आलं: “मतदानाच्या कार्डाचा.” मतदार ओळखपत्रं १९९३ पासून द्यायला सुरुवात झाली. म्हणजे चाळिशी होईपर्यंत यांचं तोंड कुठल्याही कागदावर उमटलेलं नव्हतं, आणि जे उमटलं ते शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभं करून, डोळे अर्धे मिटलेलं. ते फोटोही आम्ही घेतले. वाचनालयाच्या मंडळातल्या एकांनी नाक मुरडलं, हे काय जुने फोटो आहेत का म्हणून. मी म्हटलं, यांच्यासाठी हाच सर्वांत जुना.

जे थोडे गटफोटो होते, लग्नातले, बारशातले, त्यांत पुरुषांची नावं घरचे धडाधड सांगायचे. बायकांपाशी आले की सांगणारे अडखळायचे. ‘ही दादांची मंडळी’, ‘ही मळ्यातल्या आण्णांची सून’, ‘ही विट्याकडची’. चहाची वही अशा नोंदींनी भरली. एके दिवशी त्या दोघींपैकी एक मुलगी स्वतःच्या घरच्या फोटोखाली नावं लिहायला बसली आणि तिला स्वतःच्या पणजीचं नाव येईना. आजीला विचारलं. आजी म्हणाली, कुठलं सांगू?

हा प्रश्न मला लख्ख कळला, कारण मलाही दोन नावं आहेत. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून बाई दुसरीच होते. सासरी जी सरस्वती ती माहेरी सोनाबाई. सासरच्यांनी सांगितलेलं नाव घेऊन तिच्या माहेरी गेलं तर तिथं त्या नावाची लेक कधी जन्मलेलीच नसते. एकाच बाईचे दोन फोटो, एक सासरच्या घरात, एक माहेरच्या, दोन नावांनी आमच्या यादीत आलेले होते. ते एकीचेच आहेत हे कळायला तीन आठवडे गेले. तेही हनुवटीवरच्या तिळामुळं.

तेव्हा फोटोखाली लावायच्या चिठ्ठीचा नमुना बदलला. आधी ‘नाव’ आणि ‘साल’ एवढंच होतं. आता बाईसाठी तीन रकाने: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव. मंडळात यावर बराच वेळ चर्चा झाली, एवढं लांबण कशाला म्हणून. शेवटी अध्यक्षांनीच आपल्या आईच्या फोटोखालची चिठ्ठी मागून घेतली आणि पहिल्या रकान्यापाशी थांबले. मग बाहेर जाऊन मामांना फोन केला. चर्चा तिथं संपली.

जी नावं मिळाली नाहीत त्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या ठेवायच्या आणि शेजारी सुतळीला शिसपेन्सिल बांधायची असं ठरलं. शाईचा पेन मुद्दाम नाही. नावावरून मतं बदलतात.

कपाळ

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी दाराशी लावायचा मोठा फ्लेक्स तालुक्याहून आला. त्यावर एकच फोटो: नऊवारीतली एक बाई, खुर्चीत बसलेली, पदर डोक्यावरून घट्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर. १९६० च्या आधीचा एकट्या बाईचा स्टुडिओतला फोटो आमच्या सगळ्या साठ्यात हा एकच. पाठीवर ‘मद्रास-१’ आणि पेन्सिलनं दक्षिण सातारचा पत्ता. नवऱ्यानं तिला डॉक्टरला दाखवायला एकदा मद्रासला नेलं होतं, तेव्हाचा. तिची लेक गावातच असते, ऐंशीच्या पुढची. फोटो तिच्याच ट्रंकेतला. इमारतीच्या देणगीदारांच्या मुलानं दाराशी आपल्या वडिलांचा फोटो लावावा म्हणून सुचवलं होतं, छपाईचा खर्चही तो देणार होता. पण दाराशी हीच बाई हवी असा मी हट्ट धरला होता. म्हणून आजींना आम्ही रिक्षानं मुद्दाम आणलं, सगळ्यांच्या आधी त्यांनी बघावं म्हणून.

आजी फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ.

“ही कोन?”

“आजी, तुमची आई.”

“माजी आय न्हवं ही.”

मला वाटलं, डोळ्यांचं. जवळ नेलं. त्यांनी फ्लेक्सवर बोट ठेवलं, बरोबर दोन भुवयांच्या मधे.

“हितं गोंदान हुतं. चंद्राची कोर आन खाली तीन ठिपकं. मी मांडीव निजून मोजायची. हिचं कपाळ पाटी पुसल्यावानी हाय.”

मूळ स्कॅन उघडला. फोटो बोटभर उंचीचा, त्यातलं कपाळ करंगळीच्या नखाएवढं. मोठं करून पाहिलं तर तिथं राखाडी कणांची एक बारीक वेलांटी आणि खाली धूसर ठिपके. आपण त्यांना डागच म्हणू. फ्लेक्सवर त्याचा मागमूस नव्हता. फ्लेक्सवरची बाई गोरी होती. गालांवरच्या रेषा गेल्या होत्या, डोळे थोडे मोठे झाले होते, कानातल्या बुगडीचा गोल मोती झाला होता.

उलगडा झाला तो असा. फाइली नीटनेटक्या करायचं काम घेतलेल्या गावातल्याच एका होतकरू मुलानं, कुणाला न विचारता, मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमधून फोटो ‘क्लिअर’ करून घेतले होते. त्याचा हेतू चांगला होता. त्यानं मला आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून अभिमानानं दाखवला, आणि खरं सांगते, आजी नसत्या तर मीही वा म्हटलं असतं. अ‍ॅपला जिथं कमी दिसतं तिथं ते साफ करत नाही, स्वतःच्या मनानं भरतं. त्यानं पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांत आमच्याकडच्या बायकांची गोंदणं नसावीत. त्याच्या लेखी तो डाग.

त्या रात्री आम्ही छापून आलेले सगळे ११८ फोटो मूळ स्कॅनशी ताडून पाहिले. एकतीस अ‍ॅपमधून गेलेले निघाले. एका आजोबांच्या तोंडावरचे देवीचे वण गायब. एका जवानाच्या खांद्यावरची अक्षरं बदलून अशी झाली होती की ती ना देवनागरी, ना इंग्रजी. एका बाळाला दात आले होते. तालुक्याच्या फोटो लॅबवाल्याला रात्री साडेदहाला उठवलं, सकाळी आठपर्यंत एकतीस प्रती नव्यानं काढून घेतल्या. आजींच्या आईचा फोटो १२०० डीपीआयवर परत स्कॅन केला, आणि दाराशी फ्लेक्सऐवजी साध्या मॅट कागदावरची दोन फुटी प्रत लावली. कणीदार, थोडी धूसर. पण कोर दिसत होती.

त्यानंतरचा नियम: स्कॅन झाल्यावर उजेड-अंधार सारखा करायचा, फाटलेलं फाटलेलंच ठेवायचं, बाकी कुणी हात लावायचा नाही. त्या मुलाला कामावरून काढलं नाही. पुढं तोच सर्वांत कडक तपासनीस झाला.

चपलांपाशी

दुसरी मोठी चूक माझी स्वतःची, आणि तिला अ‍ॅपचीही सबब नाही. लॅपटॉपवर मी फोल्डर वस्तीवार केले होते: गावठाण, मळे, माळी गल्ली, धनगरवाडा, बौद्धवस्ती. शोधायला सोपं म्हणून. शाळेच्या हॉलमध्ये मुलांनी सुतळ्या बांधून चिमट्यांनी फोटो टांगले ते त्याच क्रमानं. शेवटचा फोल्डर आपोआप शेवटच्या भिंतीवर आला, आणि ती भिंत बाहेर पडायच्या दाराजवळची, जिथं चपला काढून ठेवतात.

त्याच रात्री बौद्धवस्तीतला एक तरुण आपल्या आजोबांचा फोटो नीट लागलाय का बघायला आला. आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते, १९४१ साली बेळगावात उभी राहिलेल्या त्या पलटणीच्या सुरुवातीच्या भरतीतले. गणवेशातला स्टुडिओ फोटो, जमवलेल्यांतला सर्वांत देखणा. त्यानं भिंत पाहिली, खाली पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “मॅडम, चपलांपाशीच लावायचे असतील तर आमचे फोटो परत द्या.”

मी हेतू, फोल्डर वगैरे सांगू लागले होते. अर्ध्यात थांबले. सगळे फोटो उतरवले आणि सालाप्रमाणं लावले. मग १९४० च्या ओळीत ते जवान आणि एक पाटील शेजारी शेजारी आले, दोघांच्याही मिशांना सारखाच पीळ. मंडळातले एकजण पहिल्या दिवशी फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आले, तासभर बसले, काही बोलले नाहीत.

तीन दिवस

यात्रेला गलाईवाले देशभरातून घरी येतात. पालखी, बगाड, मटणाची जेवणं, आणि दुपारी उन्हाच्या वेळी करायला काही नसतं. ही दुपार प्रदर्शनानं पकडली. फोटो मुद्दाम खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला टांगले होते आणि समोर सतरंज्या. म्हाताऱ्या बायका आल्या, बसल्या आणि उठल्याच नाहीत. हीच खरी माहिती देणारी मंडळी. पुरुष फोटो बघत फिरतात. बाया बसून एकमेकींना दुरुस्त करतात.

सर्वांत जास्त गर्दी १९७२ च्या पाच फोटोंपुढं. त्या वर्षी यात्रेला आलेल्या एका गलाईवाल्यानं मद्रासहून अग्फा क्लिक थ्री कॅमेरा आणला होता. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघायचे. सात त्यानं घरच्यांवर उडवले आणि पाच दुष्काळी कामावर. निगेटिव्ह वहीच्या कागदात गुंडाळलेल्या सापडल्या. खडी फोडणाऱ्या बायकांची रांग, डोक्यावर गोणपाटाची सावली, हातात लहान हातोडे, एकीच्या मांडीवर मूल. फोटो बघून लोक उन्हाबद्दल बोलतील असं मला वाटलं होतं. ते बोलले कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीबद्दल, रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरीबद्दल आणि मस्टरवर कुणी कुणाच्या नावानं हजेरी लावली त्याबद्दल.

मूल मांडीवर घेतलेली बाई कोण, यावरून मात्र दोन घरांत जुंपली. दोन्हीकडच्या लेकी पन्नाशीच्या. दोघी म्हणतात, ही माझी आई आणि मांडीवरची मी. एकीचा पुरावा लुगड्याचा काठ, दुसरीचा हातोडा डाव्या हातात असल्याचा. मस्टर मिळालं असतं तरी काही निघालं नसतं. तिथंही बाई नवऱ्याच्या नावावर. आम्ही चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहिली, मधे ‘किंवा’. दोघींनाही तो ‘किंवा’ पसंत नाही. पण कुणी खोडलेला नाही.

एक फोटो दुसऱ्या दिवशी उतरवला. त्यातल्या बाईबद्दल घरच्यांनी येऊन विनंती केली. कारण मला पटलं नाही, पण फोटो त्यांच्या घरचा. कायद्यानंही, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. कायदा नसता तरी उतरवला असता. याच कारणानं सगळे फोटो इंटरनेटवर टाकावेत ही सूचना आम्ही मानली नाही. आंगठा उमटवून किंवा सही करून घरच्यांनी जेवढी परवानगी दिली, ती वाचनालयाच्या भिंतीपुरती.

सुरुवातीला ११८ पैकी ४७ फोटोंत एखादं तरी माणूस बिननावाचं होतं. यात्रा उठली तेव्हा १९ उरले. सहा नावं एकट्या कोईमतूरच्या एका थकलेल्या आण्णांनी सांगितली. प्रवास जमत नाही म्हणून मुलानं व्हिडिओ कॉल लावून मोबाइल एकेका फोटोपुढून फिरवला. ते नाव सांगायचे, मग त्या माणसानं त्यांचे किती पैसे बुडवले तेही सांगायचे. दोन्ही वहीत आहे.

आता सगळे स्कॅन दोन हार्ड डिस्कवर आहेत, एक वाचनालयात, एक हायस्कूलच्या कपाटात, आणि नावांचं रजिस्टर कागदावर, कारण डिस्क चालू होईलच याची मला खात्री नाही. छापलेल्या प्रती ज्या त्या घरी दिल्या. पुन्हा असं प्रदर्शन करायचं झालं तर वस्तीवार फोल्डर करणार नाही, बायकांची माहेरची गावं आधी फिरून येईन, आणि अजून चार काळी घोंगडी गोळा करीन.

राहिला तो फ्लेक्स. फेकून द्यायला काढला होता, तर आजी म्हणाल्या, राहू दे, मला दे. आईच्या खऱ्या फोटोची चौकट त्यांनी आत देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. जूनमध्ये त्यांच्याकडं गेले तर शेळ्यांच्या छपरावर तो गोरा, गुळगुळीत चेहरा आभाळाकडं तोंड करून ताणून बांधलेला.

“कुनाची कोन बाई हाय द्येव जाणं,” आजी म्हणाल्या, “पर पाऊस चांगला आडवती.”